शाळेची तपासणी झाली, अहवाल कुठे आहे?

जून उजाडला की शिक्षण विभागाच्या कार्यालयांतून अनधिकृत शाळांच्या याद्या बाहेर पडतात. यंदाही पडल्या. ‘या शाळांत पाल्याचा प्रवेश घेऊ नये’ असे आवाहन आणि खाली नावे. पण चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या शाळांचे प्रवेश जानेवारी-फेब्रुवारीतच उरकलेले असतात. फी भरलेली असते, गणवेश शिवून झालेला असतो, व्हॅनवाल्याला आगाऊ पैसे दिलेले असतात. अशा वेळी यादीत आपल्या मुलाच्या शाळेचे नाव दिसले तर पालकाने करायचे काय? शाळेत जाऊन विचारले, तर ‘प्रस्ताव मंत्रालयात आहे’ एवढेच उत्तर मिळते.

याद्यांवरची चर्चा दरवर्षी संस्थाचालकांचा लोभ आणि अधिकाऱ्यांची दिरंगाई यांच्याभोवती फिरते. ती रास्त आहे, पण अपुरी आहे. यादीत ज्यांचे नाव नाही, त्या हजारो खाजगी शाळांचे काय? त्यांच्याकडे मान्यता आहे, म्हणजे कधी तरी कोणी तरी तपासणीला आले होते. ते कोण होते, त्यांनी काय पाहिले, काय कमी आढळले आणि ती कमतरता पुढे भरून निघाली का, याची माहिती त्या शाळेत मूल घालणाऱ्या पालकाला जवळपास कधीच मिळत नाही. माझ्या मते खरा प्रश्न हा आहे.

अनधिकृतचे प्रकार

‘अनधिकृत’ या एका शिक्क्याखाली बरेच प्रकार मोडतात. काही शाळांकडे कसलीच परवानगी नसते. काहींची परवानगी चौथीपर्यंत असते आणि वर्ग सातवीपर्यंत भरतात. काही शाळा मंजूर जागा सोडून दुसऱ्या इमारतीत, कधी दुसऱ्या उपनगरात गेलेल्या असतात. काहींना राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमाची परवानगी असते आणि फलकावर मात्र सीबीएसई झळकते. २०२३ साली पुण्यात सीबीएसई शाळांची बनावट ना-हरकत प्रमाणपत्रे उघडकीस आली, तेव्हा राज्यभर कागदपत्रांची पडताळणी करावी लागली. खोटा कागद पाहून कोणी शंका घेतली नव्हती, कारण तो कागद पालकांनी पाहावा अशी व्यवस्थाच नव्हती.

कायदा मोघम नाही. शिक्षण हक्क कायदा (आरटीई) १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १८ प्रमाणे मान्यतेशिवाय शाळा चालवणाऱ्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि त्यानंतरही शाळा चालूच राहिली तर दर दिवशी दहा हजार रुपये. म्हणजे शंभर दिवसांचे दहा लाख. आधीपासून चालू असलेल्या शाळांना निकष पूर्ण करायला कलम १९ ने तीन वर्षे दिली होती. ती मुदत संपूनही दशक उलटले.

अधिकारी पाहतात काय?

कायद्याला जोडलेली अनुसूची जेमतेम दोन-तीन पानांची आहे. प्रत्येक पालकाने ती एकदा वाचावी. पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार. सहावी ते आठवीसाठी दर ३५ मुलांमागे एक शिक्षक. विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना किमान एकेक. वर्षाला प्राथमिकसाठी २०० दिवस आणि ८०० तास, उच्च प्राथमिकसाठी २२० दिवस आणि १,००० तास. प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली. मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे सुरक्षित पाणी, अपंग मुलांना अडथळ्याविना येता येईल असा मार्ग, कुंपण, मैदान. वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींची पुस्तके असलेले ग्रंथालय.

शाळा आधी ‘नमुना १’ मध्ये स्वयंघोषणापत्र देते, अधिकारी प्रत्यक्ष जाऊन पाहतात आणि सगळे जुळले की ‘नमुना २’ म्हणजे मान्यतेचे प्रमाणपत्र मिळते. केंद्राच्या नमुना नियमांप्रमाणे ही मान्यता तीन वर्षांची असते. प्रमाणपत्रात अटींची लांब यादी असते. देणगी घ्यायची नाही, मुलांच्या वा पालकांच्या मुलाखती घ्यायच्या नाहीत, मुलांना मारायचे नाही, नफ्यासाठी शाळा चालवायची नाही, हिशेब सनदी लेखापालाकडून तपासून घ्यायचे, त्याच नावाने इतरत्र बिनमान्यतेचे वर्ग भरवायचे नाहीत. प्रवेश देतानाच्या मुलाखती आणि ‘बिल्डिंग फंडा’च्या पावत्या ज्यांनी अनुभवल्या आहेत, त्यांनी या अटी पुन्हा वाचाव्यात. मान्यता या अटींवरच मिळालेली असते.

मात्र अनुसूचीतच एक मोठी फट आहे. मैदान हवे असे तिथे म्हटले आहे, ते किती मोठे हे म्हटलेले नाही. वर्गखोली हवी, तिचे क्षेत्रफळ दिलेले नाही. सीबीएसईच्या संलग्नतेला वर्गखोली किमान ५०० चौरस फूट लागते. मान्यतेच्या अनुसूचीत असा आकडा नाही. त्यामुळे शेजारच्या मैदानाचा करारनामा फाईलला लागतो आणि रकान्यात ‘आहे’ अशी नोंद होते. मुले तिथे आठवड्यातून किती वेळा खेळतात, हा रकानाच नाही. ग्रंथालयाचेही तेच. कपाट आहे, पुस्तके आहेत, नोंदवही आहे. पुस्तक मुलाच्या हातात गेले का, हे नोंदवहीची पाने उलटल्याखेरीज कळत नाही आणि एका दिवसात पाच शाळा उरकायच्या असतील तर ती उलटली जात नाहीत.

गुजरातने २०१२ च्या नियमांत वेगळी वाट घेतली. तिथे चालू शाळांच्या मान्यतेसाठी इमारत आणि साधने यांना १५ टक्केच भार दिला, मुलांना प्रत्यक्षात काय येते याला ३० टक्के आणि त्यात किती सुधारणा झाली याला ४० टक्के. कल्पना आकर्षक आहे, पण मला तिची धास्ती वाटते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात आणि मुंबई इलाख्यातही निरीक्षकाने घेतलेल्या परीक्षेच्या निकालावर अनुदान ठरत असे. परिणाम असा झाला की निरीक्षक जे विचारेल तेवढेच शिकवले जाऊ लागले. मुलाची परीक्षा हीच शाळेची तपासणी झाली, की शिकवणे आकसते. शाळा मुलासाठी काय करते, वर्गात त्याच्याशी कसे वागते, मागे पडलेल्याला कसे सोबत घेते, हे वर्गात बसूनच पाहावे लागते. आणि वर्गात बसायला वेळ लागतो.

जे. पी. नाईक यांचा विसरलेला सल्ला

हा वेळ कोणाकडे आहे? जिल्ह्यात शिक्षणाधिकारी, तालुक्यात गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या हाताखाली विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख. मुंबईत शिक्षण निरीक्षक. यातली कित्येक पदे वर्षानुवर्षे रिक्त किंवा प्रभारी. याच माणसांकडे संचमान्यता, पोषण आहार, शिक्षकांच्या बदल्या, न्यायालयीन प्रकरणे आणि आरटीईचे २५ टक्के प्रवेश. मान्यता देणारे तेच, तपासणारे तेच, तक्रार ऐकणारे तेच आणि दंड करणारेही तेच.

यातला दोष साठ वर्षांपूर्वी नेमका ओळखला गेला होता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीत जन्मलेले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक हे कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव होते. १९६६ साली सादर झालेल्या त्या अहवालाने प्रशासन आणि पर्यवेक्षण एकमेकांपासून वेगळे करा, असे स्पष्ट सांगितले. नेहमीची वार्षिक तपासणी स्थानिक अधिकारी करतील. पण तीन किंवा पाच वर्षांनी एकदा सखोल तपासणी व्हावी आणि ती स्वतंत्र यंत्रणेच्या मंडळाने करावी, अशी ती शिफारस होती. प्रत्येक शाळेची नोंदणी सक्तीची करा आणि बिननोंदणीची शाळा चालवणे गुन्हा ठरवा, हेही त्याच आयोगाने सुचवले होते.

नाईकांचे काम कागदावर राहिलेले नव्हते. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात त्यांनी खेड्यातले शिक्षण जवळून पाहिले होते. त्यामुळेच त्या शिफारशीत शाळेकडे पाहण्याची एक दृष्टी दिसते. तपासनीस पोलिसासारखा आला तर शाळा लपवते. अनुभवी शिक्षक बसून चार दिवस पाहतील तर शाळा सांगते. आपण सक्तीच्या नोंदणीचा भाग २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात घेतला आणि स्वतंत्र तपासणीचा भाग तसाच सोडून दिला. अर्धी शिफारस स्वीकारल्याचे परिणाम आज आपण भोगत आहोत.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पुन्हा तेच म्हटले. शाळा चालवणारा, धोरण ठरवणारा आणि नियमन करणारा वेगळा हवा. त्यासाठी राज्य शाळा मानक प्राधिकरण हवे. सुरक्षा, शिक्षकसंख्या, आर्थिक सचोटी अशा मोजक्या निकषांवर शाळांची माहिती सर्वांसाठी खुली हवी. महाराष्ट्रात सध्या शाळांना शंभराहून अधिक मानकांवर स्वयंमूल्यांकन भरावे लागते. शिक्षक रात्री उशिरापर्यंत फोटो आणि पुरावे अपलोड करत बसतात. मानके वाढवल्याने तपासणी खोल होत नाही. दहाच गोष्टी पाहा, पण त्या स्वतंत्र माणसाने पाहाव्यात आणि सर्वांना दाखवाव्यात.

इंग्लंडमध्ये अहवाल घरबसल्या

खाजगी शाळांना आपल्याइतकीच, किंबहुना जास्त प्रतिष्ठा देणाऱ्या इंग्लंडात काय चालते, ते पाहण्यासारखे आहे. तिथे सक्तीच्या शिक्षणाच्या वयाची पाच किंवा अधिक मुले पूर्णवेळ शिकत असतील तर ती नोंदणीपात्र शाळा ठरते. नोंदणीशिवाय ती चालवणे गुन्हा आहे. २०१४ च्या नियमांत निकषांचे आठ भाग आहेत. शिक्षणाची गुणवत्ता, नैतिक-सामाजिक जडणघडण, मुलांचे कल्याण आणि सुरक्षा, कर्मचारी व मालक यांची पार्श्वभूमी, इमारत, पालकांना दिली जाणारी माहिती, तक्रारींची हाताळणी आणि नेतृत्व. नोंदणी शिक्षण खाते करते, तपासणी ऑफस्टेड ही सरकारी तपासणी यंत्रणा किंवा स्वतंत्र शाळांसाठीची निरीक्षण संस्था करते आणि अहवाल संकेतस्थळावर येतो. कोणता निकष पूर्ण झाला, कोणता नाही, हे स्पष्ट लिहिलेले असते. त्या पद्धतीतल्या ताणाबद्दल तिथले शिक्षक कडाडून बोलतात आणि त्यांचे बोलणे खरे आहे. पण दोन गोष्टी आपण घ्यायलाच हव्यात. ‘पालकांना दिली जाणारी माहिती’ आणि ‘तक्रारींची हाताळणी’ हे तिथे स्वतंत्र निकष आहेत.

आपल्याकडे खाजगी विनाअनुदानित शाळेला शाळा व्यवस्थापन समितीचे कलम २१ लागूच नाही. सरकारी शाळेतल्या पालकाला जो कायदेशीर शिरकाव आहे, तो हजारो रुपये फी भरणाऱ्या पालकाला नाही. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा शिक्षण हक्क कायद्याबाहेर गेल्या. सहा वर्षांखालच्या मुलांचे नर्सरी आणि केजीचे वर्ग तर आरटीईच्या मान्यतेतच बसत नाहीत. सर्वांत लहान मूल सर्वांत कमी तपासलेल्या खोलीत बसते.

दुर्घटनेनंतरचे परिपत्रक

१६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतल्या कुंभकोणम येथे एका खाजगी शाळेला आग लागली आणि ९४ मुले गेली. गवताच्या छपराखाली वर्ग भरत होते. त्या प्रकरणावरून २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र सादर करावे लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेतल्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर सीसीटीव्ही महिन्याभरात बसवा, तक्रारपेटी लावा, सखी-सावित्री समिती नेमा, असे आदेश निघाले. आदेश योग्यच होते. पण प्रत्येक वेळी आदेश दुर्घटनेनंतर निघतो आणि पाळला गेला का, याचा अहवाल पुन्हा फाईलीत जातो.

मान्यता काढायची वेळ आली की कायदा अधिकाऱ्यावर एक जबाबदारी टाकतो. शाळेचे म्हणणे ऐकायचे आणि आदेशातच मुलांची जवळच्या कोणत्या शाळेत सोय होणार, ते लिहायचे. तरतूद माणुसकीची आहे. पण शाळा सुरू झाल्यावर चारशे मुलांची सोय लावणे कोणत्याच अधिकाऱ्याला पेलत नाही. म्हणून नोटीस निघते, खुलासा येतो, पुन्हा नोटीस निघते. उशिरा झालेली तपासणी आपोआप निष्प्रभ ठरते. ती वेळेवर, म्हणजे दिवाळी ते डिसेंबरच्या दरम्यान, प्रवेशाचे अर्ज निघण्याआधी व्हायला हवी.

आता काय करता येईल

पालकांना आजही काही गोष्टी मागता येतात. शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक. तो महाराष्ट्रात २७ ने सुरू होतो. ‘नमुना २’ ची प्रत. त्यातली मुदत, इयत्ता आणि पत्ता नीट वाचावा. मंडळाचा संलग्नता क्रमांक. तो मंडळाच्या संकेतस्थळावर जुळवावा. अग्निसुरक्षेचे ताजे प्रमाणपत्र. शाळेने टाळाटाळ केली तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे दहा रुपयांच्या माहिती अधिकाराच्या अर्जात तपासणी अहवालाची प्रत मागावी. खाजगी शाळा स्वतः त्या कायद्याखाली येत नसली, तरी अहवाल ज्या कार्यालयात आहे ते कार्यालय येते.

पण एकेका पालकाने अर्ज करत बसावे, हा उपाय नव्हे. केंद्राच्या नमुना नियमांत स्वयंघोषणापत्र आणि तपासणी अहवाल दोन्ही सार्वजनिक करावेत, असे आधीच लिहिले आहे. त्यासाठी नवा कायदा नको, नवे पद नको, नवा निधीही नको. शिक्षण आयुक्तालयाने येत्या डिसेंबरपर्यंत प्रत्येक मान्यताप्राप्त खाजगी शाळेचा शेवटचा तपासणी अहवाल, तपासणाऱ्याच्या पदनामासह आणि तारखेसह, संकेतस्थळावर ठेवावा. ज्या शाळेचा अहवाल नाही, तिच्यासमोर ‘तपासणी झालेली नाही’ असे लिहावे. मग पुढच्या जूनच्या यादीची वाट पाहावी लागणार नाही. जानेवारीत प्रवेशाचा अर्ज घेताना पालक आधी अहवाल उघडतील आणि चांगली शाळा चालवणाऱ्या संस्थांनाही जाहिरातीच्या फलकापेक्षा खरा पुरावा मिळेल. एवढे करायला शासनाला अडचण काय आहे, हे त्याने पालकांना सांगितले पाहिजे.