कापराची काजळी, विषाणूचे काटे

कार्बनची कुळकथा : लेखांक नववा

२०२१च्या एप्रिलमध्ये अमरावतीत ज्याच्या त्याच्या खिशात कापूर-ओव्याची पुरचुंडी होती. शेजारच्या आजींनी एक माझ्याही हातात ठेवली. "हे हुंगत राय बाप्पा, दम नाही लागत." कापूर हुंगल्यानं रक्तातला प्राणवायू वाढत नाही. नाकाला गार लागतं, श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो, एवढंच. पण आजींशी वाद घालायची ती वेळ नव्हती, म्हणून पुरचुंडी मुकाट्यानं खिशात टाकली.

त्या पुरचुंडीतल्या कापराची आणखी एक गोष्ट आहे. ती आज सांगायला हरकत नाही, कारण गेल्या आठवड्यात आपण साठ अणूंच्या चेंडूपाशीच थांबलो होतो. १९८५ साली टेक्सासमधल्या राइस विद्यापीठात क्रोटो, स्मॉली आणि कर्ल यांना ग्राफाइटवर लेझर मारताना सापडलेला तो फुलरीन, सी-६०. त्याबद्दल तिघांना १९९६चं नोबेल मिळालं. फुलरीन मिळवायचा तर ग्राफाइट आणि भारी यंत्रं हवीत, असं सगळे धरून चालले होते. आपल्याकडे आयआयटी मुंबईत महेश्वर शेरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र देवघराकडे पाहिलं. कापराच्या रेणूत दहा कार्बन असतात आणि त्यांची पाच-पाच नि सहा-सहा अणूंची कडी असतात. फुलरीनचा चेंडूही पंचकोन-षटकोनांनीच शिवलेला असतो. कापूर जाळून धरलेल्या काजळीतून त्यांनी फुलरीन मिळवला आणि १९९४ साली तो शोधनिबंध 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये छापून आला. आरतीच्या तबकावर धरणाऱ्या काजळीच्या कुळातली वस्तू भौतिकशास्त्राच्या मानाच्या नियतकालिकात गेली, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

आता हा चेंडू विषाणूच्या वाटेत कसा आला ते पाहू. एड्सचा विषाणू आपली प्रथिनं एका लांबलचक पट्टीत तयार करतो. ती पट्टी ठरावीक जागी कापली गेली नाही तर नवा विषाणू जुळतच नाही. सरकी-रुई वेगळी न झालेला कापूस जसा सूतगिरणीच्या उपयोगाचा नाही, तसंच. हे कापायचं काम प्रोटीएज नावाचं विकर करतं आणि त्याच्या पोटात जेमतेम एक नॅनोमीटरची पोकळी असते. १९९३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या सायमन फ्रीडमन, फ्रेड वुडल आणि सहकाऱ्यांच्या ध्यानात आलं, की पाण्याला नकोशी असलेली ती पोकळी आणि पाण्याला नकोसाच असलेला फुलरीन एकमेकांच्या मापाचे आहेत. त्यांनी पाण्यात विरघळेल असा फुलरीन बनवून पाहिला आणि जिनिंगच्या रोलरमध्ये खडा अडकावा तसं त्या विकराचं काम अडलं. पण पकड ढिली होती. १९९५च्या डिसेंबरात सॅक्विनाविर हे त्याच पोकळीत घट्ट बसणारं औषध अमेरिकेत मंजूर झालं आणि चेंडू मागे पडला. शर्यत हरला, पण विचार टिकला: विषाणूला विष घालायलाच हवं असं नाही, त्याच्या यंत्रात मापाची वस्तू अडकवता येते.

मापावरून आठवलं. कोरोनाचा विषाणू साधारण शंभर नॅनोमीटरचा, फुलरीन एका नॅनोमीटरहूनही लहान. फुलरीन हा ज्वारीचा दाणा मानला तर विषाणू पाण्याच्या माठाएवढा होईल. माठाच्या आतल्या एखाद्या फटीत दाणा बसवता येतो, पण अख्खा माठ बाहेरून अडवायचा तर दाणा काय कामाचा? तिथे पसरट काहीतरी हवं. ग्राफीन ऑक्साइड हे तसं आहे: एका अणूएवढ्या जाडीचं कार्बनचं पान, त्याच्यावर ऑक्सिजनवाल्या टोकांची गर्दी. या टोकांमुळे पाण्यात पानावर ऋण भार येतो. आणि भाराची गोष्ट निघाली की आपल्याला पुन्हा अमरावतीत यावं लागतं.

२२ फेब्रुवारी २०२१च्या रात्री अमरावती आणि अचलपूर पुन्हा बंद झालं. दुसरी लाट देशात इतरत्र नीट उमटायच्या आधीच ती वऱ्हाडात दिसत होती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं महाराष्ट्रातल्या त्या लाटेतले नमुने वाचून जो निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातच विषाणूच्या काट्यातले, म्हणजे स्पाइक प्रथिनातले, चार बदल आहेत: एल४५२आर, टी४७८के, ई४८४क्यू आणि पी६८१आर. हे चारही एकाच विषाणूत असतात असं नाही. पुढे डेल्टा म्हणून जगभर गेलेल्या प्रकारात ई४८४क्यू नव्हता, त्याच्या सख्ख्या भावात, म्हणजे कप्पात, होता. 'डबल म्युटंट' हे नाव तेव्हा वर्तमानपत्रांतून एवढं गाजलं की जणू दोन तोंडांचा साप निघाला होता. खरं तर १२७३ अमिनो आम्लांच्या माळेतले ते दोन-चार मणी.

पण मणी कोणते बदलले ते बघा. ४५२व्या जागी भार नसलेलं ल्युसीन जाऊन धन भाराचं अर्जिनिन आलं. ४७८ला थ्रिओनिनच्या जागी लायसिन, तेही धन. ६८१ला प्रोलिन जाऊन पुन्हा अर्जिनिन. आणि ४८४ला ऋण भाराचं ग्लुटामिक आम्ल गेलं नि त्या जागी बिनभाराचं ग्लुटामिन आलं. चारही बदल एकाच दिशेचे आहेत: काटा अधिकाधिक धन होत गेला. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर हेपरान सल्फेटचं ऋण भाराचं जंगल असतं आणि विषाणू आधी त्याला धरून मग आत शिरतो. धनाला ऋणाची ओढ. पसरण्याच्या वेगामागे हे एकच कारण नव्हतं, तरी या विषाणूचा कल कुठे होता ते यातून कळतं.

आता बोंडअळीसाठी कपाशीत लावलेला कामगंध सापळा डोळ्यांसमोर आणा. मादीचा वास दुसरीकडूनच सोडायचा, पतंग तिकडे जातो, अडकतो. ऋण भाराचं कार्बनचं पान पेशीचा असाच बहाणा करतं. विषाणू पेशीऐवजी पानाला चिकटतो. डुकरांना होणाऱ्या दोन विषाणूंवर हे २०१५मध्येच पाहिलं गेलं होतं. २०२१मध्ये ग्राफीन ऑक्साइड कोरोनाच्या काट्यालाही अडवतं, असे प्रयोगशाळेतले निष्कर्ष आले. वऱ्हाडात ज्या दिशेनं विषाणू बदलला, त्या दिशेनं अशा सापळ्याला तो अधिक सापडायला हवा, असं कागदावर तरी दिसतं.

कागदावर. कारण शेतातल्या पिवळ्या चिकट सापळ्याचं आठ दिवसांत काय होतं ते शेतकऱ्याला विचारा. धूळ, कचरा, नको ते किडे, आणि हव्या त्या किडीला जागाच नाही. कार्बनचा कण रक्तात पडला की काही क्षणांत रक्तातली प्रथिनं त्याच्यावर थर चढवतात आणि त्याचा भार झाकला जातो. शास्त्रज्ञ या थराला प्रथिनांचा 'कोरोना' म्हणतात. आमच्या विषयाला विनोदबुद्धी आहे ती अशी.

म्हणून मला पानांपेक्षा ठिपक्यांची जास्त आशा वाटते. कार्बन ठिपके, दहा नॅनोमीटरच्या आतले, पाण्यात विरघळणारे. २००४मध्ये कार्बनच्या नॅनोनळ्यांची काजळी शुद्ध करताना ते अपघातानं सापडले आणि मग ते कशाकशातून निघाले! २००७मध्ये मेणबत्तीच्या काजळीतून. २०१२मध्ये राउरकेलाच्या एनआयटीत संत्र्याच्या रसातून. वरूड-मोर्शीच्या बागायतदारानं हे वाचून हुरळू नये. ते ठिपके पेशींची चित्रं घ्यायला होते, रोगावर नव्हते. रोगाच्या कामाचे ठिपके तैवानमध्ये हळदीतल्या कुरकुमिनपासून झाले. कुरकुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, हे त्याचं जुनं दुखणं. ते कोरडंच १८० अंशांपर्यंत तापवलं की त्याचे ठिपके होतात आणि ते पाण्यात उतरतात. मुलांना हात-पाय-तोंडाचा आजार देणाऱ्या ईव्ही-७१ विषाणूवर ते साध्या कुरकुमिनपेक्षा कितीतरी पट प्रभावी ठरले, नवजात उंदरांचे जीवही वाचले. हे २०१९चं काम. वायगावची हळद कितीही कसदार असली, तरी फोडणीच्या तेलात ती करपली म्हणून औषध होत नाही, हे मात्र घरोघरी सांगून ठेवा.

उंदरापासून माणसापर्यंतचं अंतर अजून तसंच आहे. कार्बनच्या या कुळातलं एकही विषाणूविरोधी औषध आज दुकानात मिळत नाही. भीतीही खोटी नाही: लांब, ताठ नॅनोनळ्या उंदरांच्या पोटात ॲस्बेस्टॉससारख्या वागतात असं २००८मध्ये दिसलं आणि अशा नळ्यांचा एक प्रकार जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१४मध्ये 'संभाव्य कर्करोगकारक' ठरवला. शरीराबाहेर मात्र कार्बन कामाला लागलाय. २०२०मध्ये कोरियात ग्राफीनच्या पट्टीवर प्रतिपिंडं बसवून कोरोना मिनिटाभरात ओळखणारा संवेदक झाला. मास्कवरही ग्राफीन चढलं, आणि तिथे गडबड झाली. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये शाळा-पाळणाघरांतून वाटलेले ग्राफीनचे मास्क मार्च २०२१मध्ये थांबवले गेले. कण श्वासातून फुप्फुसात गेले तर काय, ही भीती होती. २ एप्रिलला देशभर सूचना निघाली. तपासणी झाल्यावर जुलैत एका उत्पादकाच्या चार प्रकारांना परत परवानगी मिळाली. त्यांतून अपाय होण्याइतके कण सुटत नव्हते.

म्हणजे ज्या एप्रिलमध्ये कॅनडातले लोक मास्क काढून ठेवत होते, त्याच एप्रिलमध्ये आम्ही पुरचुंड्या हुंगत होतो. आजींची ती पुरचुंडी अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. परवा हा लेख लिहायला बसताना सोडून पाहिली. कापूर केव्हाच उडून गेला. ओवा तेवढा उरलाय.