काटा खोटा की इंजिन गरम?

कापडाच्या धंद्यात आम्ही नेहमी पाहतो की, माल कमी भरला तर लोक आधी ठाणावर शंका घेतात, गजावर कोणी घेत नाही. मोटारीचेही तसेच आहे. ऑईल टेंपरेचरचा काटा लाल पट्टीत गेला की मालक घाबरतो, मिस्त्री इंजिन खोलायला सांगतो आणि खर्च हजारोंच्या घरात जातो. दोष इंजिनात आहे की काट्यात, हे आधी पाहायला हवे. त्याला अर्धा तास पुरतो.

आमच्या भाच्याने हौसेने एक जुनी दोन दरवाजांची स्पोर्ट्स कार घेतली आहे. २०२२ च्या मे महिन्यात भिवंडीहून कापडाचे नमुने घेऊन आम्ही तिच्यातून नगरला येत होतो. माळशेज घाट संपत आला आणि काटा एकाएकी शेवटच्या खुणेला जाऊन चिकटला. गाडी लगेच बंद केली. धूर नाही, जळका वास नाही, डिपस्टिकवर तेल बरोबर. तरी जवळच्या गॅरेजवाल्याने बेअरिंग गेले असे सांगून साठ हजारांचा अंदाज दिला. आम्ही टोचन लावून गाडी नगरला आणली.

इथल्या उस्तादांनी एकच प्रश्न विचारला, "शेठ, काटा हळूहळू चढला की झटक्यात?" झटक्यात, असे म्हणताच ते हसले. इंजिनमधले चार-पाच लिटर तेल एका क्षणात तीस-चाळीस अंशांनी तापत नाही. ते पाण्यापेक्षाही उशिरा तापते. काटा उडी मारतो तेव्हा बहुतेक वेळा विजेचा दोष असतो.

याची रचना सोपी आहे. इंजिनमध्ये तेलाच्या जागी पितळेचा एक सेन्सर बसवलेला असतो. तेल तापले की त्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो, जास्त करंट वाहतो आणि काटा वर जातो. सेन्सरला वायर एकच, दुसरी बाजू इंजिनच्या लोखंडातून अर्थ होते. म्हणून इग्निशन चालू ठेवून सेन्सरची वायर काढली तर काटा थंड बाजूला पडला पाहिजे. तीच वायर क्षणभर लोखंडाला टेकवली तर काटा पूर्ण वर गेला पाहिजे. क्षणभरच, जास्त धरली तर मीटर जळू शकतो. दोन्ही बरोबर झाले तर मीटर आणि वायर ठीक, मग सेन्सर पाहावा.

आमच्या गाडीत वायर काढूनही काटा वरच राहिला. म्हणजे वायर वाटेत कुठेतरी लोखंडाला लागत होती. उस्तादांनी गाडीखाली जाऊन दाखवले. वायर क्लिपमधून सुटून सायलेन्सरच्या पाइपवर पडली होती. घाटात पाइप तापला, प्लॅस्टिक वितळले, तांबे उघडे पडले. हातभर वायर बदलली, काम संपले.

सेन्सरवर संशय असेल तर तो काढून पाण्यात उकळावा आणि मल्टिमीटरने पाहावे. पाणी तापेल तसा ओहमचा आकडा सारखा उतरत गेला पाहिजे. मध्येच अडकला किंवा उडाला तर सेन्सर खराब. नगर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंच आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते, हे हिशेबात धरावे. करोनाच्या काळात कपाळावर धरायच्या बंदुका कापड बाजारात दुकानोदुकानी होत्या. आमच्याकडची अजून पडून आहे, पण ती अंगाच्या तापापुरतीच, तेलाच्या टाकीला चालत नाही.

पेट्रोलचा आणि टेंपरेचरचा, दोन्ही काटे एकदम चुकू लागले तर जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या गाड्यांत मीटरमागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर तपासावा. काही गाड्यांत वायरच नसते, बारीक तांब्याची नळी असते. ती कापू किंवा मुडपू नये, तुटली की काटा कायमचा खाली बसतो.

खरी भीती खाली पडलेल्या काट्याची आहे. सेन्सर बसवताना आट्यांवर प्लंबरची पांढरी टेप गुंडाळली की अर्थ तुटतो आणि तेल उकळत असले तरी काटा थंड दाखवतो. पोर्शे ९११ सारख्या गाडीत १९९८ पर्यंत इंजिन हवेवर थंड होत असे. तिथे पाण्याचा काटा नाहीच, सारा भरवसा तेलाच्या काट्यावर. तेल साधारण ९० ते ११० अंशांत असावे. काटा सावकाश चढून १३० च्या पुढे जात असेल, सोबत तेलाचा दाब पडत असेल, तर तो खरे बोलतो असे समजून इंजिन त्वरित बंद करावे.

भाच्याची गाडी त्यानंतर दोनदा माळशेज चढली. काटा शंभरच्या आसपास राहिला. सर्व्हिसिंगच्या वेळी ती क्लिप मात्र तो स्वतः हात लावून पाहतो.