इंजिनाच्या पोटात – भाग ७ : गुलमंडीत शंभर ऑक्टेन

स्कोडाचा छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याचा कारखाना २००१ मध्ये सुरू झाला आणि ऑक्टेव्हिया हे नाव या शहराच्या ओळखीचं झालं. तीन वर्षांनी तिची दमदार बहीण भारतात आली, ऑक्टेव्हिया आरएस. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, १५० अश्वशक्ती. २०१७ मध्ये आलेल्या आरएस २३० ने हा आकडा दोन लिटरमध्ये २३० अश्वशक्ती आणि ३५० न्यूटन-मीटरपर्यंत नेला. दिसायला घरची सेडान, पण अंगात स्पोर्ट्‌स कारचा जोर. ऑक्टोबर २०१० मध्ये एकाच दमात १५० मर्सिडीज विकत घेणाऱ्या शहरात अशा गाडीवर जीव टाकणारे लोक निघणारच. त्यांचा ठरलेला प्रश्न असतो: महागडं शंभर ऑक्टेन पेट्रोल टाकलं तर गाडी किती जास्त पळेल?

उत्तर गाडीवर अवलंबून आहे, आणि त्याहून जास्त रस्त्यावर.

पंपावरचे ९१, ९५, १०० हे आकडे ताकदीचे वाटतात. तसे ते नाहीत. ९१ च्या लिटरमध्ये आणि १०० च्या लिटरमध्ये उष्णता जवळजवळ सारखीच असते. ऑक्टेन आकडा इंधनाचा एकच गुण मोजतो: दाबाखाली, तापलेल्या अवस्थेत, ठिणगी न मिळता आपोआप न पेटण्याचा. ही मोजपट्टी १९२६ मध्ये एथिल कॉर्पोरेशनमध्ये काम करणाऱ्या ग्रॅहम एडगर यांनी सुचवली. आयसो-ऑक्टेन हे द्रव्य सहजासहजी आपोआप पेटत नाही, त्याला १०० गुण. नॉर्मल हेप्टेन लगेच पेटतं, त्याला शून्य. एखादं पेट्रोल प्रयोगशाळेच्या इंजिनात ९१ टक्के आयसो-ऑक्टेन आणि ९ टक्के हेप्टेनच्या मिश्रणासारखं वागलं, तर ते ९१ ऑक्टेनचं.

आपोआप पेटण्याची भीती का, हे सिलिंडरच्या आत डोकावल्यावर कळतं. ठिणगी पडते, ज्वाळा प्लगपासून कडेकडे सरकू लागते. तिच्यापुढचं, कोपऱ्यात उरलेलं मिश्रण एकीकडून दाबलं जातं आणि दुसरीकडून तापत जातं. ज्वाळा तिथे वेळेत पोचली तर सगळं शांतपणे जळतं. त्याआधीच तो कोपरा एका क्षणात भडकला तर दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात आणि बाहेर धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. गॅरेजमध्ये यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. थोडं झालं तर चालून जातं; सतत झालं तर पिस्टनच्या माथ्याला खड्डे पडतात, रिंगा तुटतात.

वाळूजमध्ये १९८५ पासून कारखाना चालवणाऱ्या बजाजने या दुखण्यावर एक देखणा तोडगा काढला. २००३ मध्ये पल्सरला एकाऐवजी दोन स्पार्क प्लग दिले, डीटीएस-आय. दोन बाजूंनी ज्वाळा निघाल्या की कोपऱ्यापर्यंतचं अंतर घटतं आणि उरलेल्या मिश्रणाला आपोआप पेटायला पुरेसा वेळच मिळत नाही. पेट्रोल बदलण्यापेक्षा ज्वाळेची वाट आखूड करणं ही खरी अभियांत्रिकी, आणि तिचं कौतुक झालं त्याहून जास्त व्हायला हवं होतं.

आता टायमिंग. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर एका फेऱ्याला फक्त १० मिलिसेकंद मिळतात. मिश्रण जळायला त्यातले दोन मिलिसेकंद लागले असं धरलं, तर तेवढ्या वेळात क्रँकशाफ्ट ७२ अंश फिरलेला असतो. म्हणून पिस्टन वर पोचण्याची वाट न पाहता ठिणगी आधीच द्यावी लागते. किती आधी? सायकलचं पायडल अगदी माथ्यावर असताना त्यावर कितीही जोर दिला तरी चाक फारसं हलत नाही. ते जरा पुढे झुकल्यावर दिलेला जोर कामी येतो. क्रँकशाफ्टचंही तेच. सिलिंडरमधला सर्वांत मोठा दाब पिस्टन माथा ओलांडून साधारण १२ ते १६ अंश गेल्यावर आला तर त्याचा पुरेपूर उपयोग होतो. ठिणगीची वेळ या हिशेबाने मागे मोजत ठरते.

जोर कमी असताना हा हिशेब निर्धास्त पाळता येतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की मात्र सिलिंडरमध्ये हवा-इंधन ठासून भरतं, टर्बो असेल तर आणखी कोंबतो, आणि ठिणगीची आदर्श वेळ गाठण्याआधीच नॉकिंग आडवं येतं. मग ठिणगी उशिरा द्यावी लागते, म्हणजे टायमिंग ‘रिटार्ड’ करावं लागतं. गमावलेल्या या अंशांची किंमत मोजावी लागते. टॉर्क घटतो, जळण उशिरा संपल्याने एक्झॉस्ट जास्त तापतो, आणि टर्बो व कॅटलिटिक कन्व्हर्टर वाचवायला पुष्कळ इंजिनं अशा वेळी वरून जादा पेट्रोल ओततात. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल आत असेल तर नॉकिंगची हद्द पुढे सरकते आणि गमावलेले काही अंश परत मिळतात. शंभर ऑक्टेनचा सगळा फायदा एवढ्यातच आहे.

प्रीमियर पद्मिनीच्या काळात हे अंश मेकॅनिकचा कान ठरवायचा. ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटर सैल करून हाताने फिरवायचा, चढावर नेऊन टकटक ऐकायची आणि ती ऐकू येऊ नये इतपत मागे आणून नट आवळायचा. टाकीत नंतर कोणतंही पेट्रोल पडो, टायमिंगची सुरुवातीची जागा तीच. अशा गाडीत शंभर ऑक्टेन घातलं तर आवाज थांबेल. वेग मात्र तसूभरही वाढणार नाही, कारण ठिणगी पुढे सरकवणारं आत कोणी नाही.

आरएसमध्ये ते आहे. इंजिन ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर सेकंदाला साधारण सहा-सात हजार वेळा होणारं ते ठरावीक कंपन ओळखतो आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, कळवतो. ईसीयू त्या सिलिंडरची ठिणगी काही अंश मागे घेतो, मग धोका नाही असं दिसलं की बारीक पावलांनी पुन्हा पुढे नेतो. साब कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला याच सेन्सरच्या जोरावर टर्बोचा दाब कमी-जास्त करणारी यंत्रणा आणली होती. नॉक सेन्सरमुळेच आजच्या पुष्कळ युरोपीय टर्बो गाड्यांच्या पेट्रोल झाकणावर ९५ लिहिलेलं असलं तरी ९१ वर त्या बंद पडत नाहीत. त्या गुपचूप थोडी ताकद सोडून देतात. २००४ मध्ये आरएस आली तेव्हा या शहरातल्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन ८८ होता. युरोपात तिला १८० अश्वशक्ती होती, इथे १५०. पण बूस्टच, म्हणजे टर्बोचा दाबच, वेगळा असल्याने ३० अश्वशक्तींच्या फरकाचं सगळं खापर पेट्रोलवर फोडता येत नाही.

आता हीच गाडी गुलमंडीत आणून पाहावी. संध्याकाळची वेळ, पैठण गेटकडून येणारी गर्दी, सुपारी हनुमानाजवळ अडकलेल्या रिक्षा, पहिला-दुसरा गिअर. ॲक्सिलरेटरवर पाय जेमतेम टेकलेला. थ्रॉटल जवळजवळ बंद, सिलिंडरमधला दाब कमी, टर्बो झोपलेला. अशा अवस्थेत ९१ वरसुद्धा नॉकिंगची हद्द फार लांब असते आणि ठिणगी आधीच आदर्श वेळेवर पडत असते. परत मिळवायला अंशच शिल्लक नाहीत. गुलमंडी ते सिटी चौक या अंतरात शंभर ऑक्टेन टाकणं म्हणजे निव्वळ खर्च, आणि तो लहान नाही: इंडियन ऑइलने १ डिसेंबर २०२० रोजी एक्सपी १०० बाजारात आणलं, तेव्हा दिल्लीत लिटरचा भाव १६० रुपये होता.

त्याच गाडीने समृद्धी महामार्ग धरला, १२० ची मर्यादा सांभाळत पण ट्रक ओलांडताना पाय पूर्ण दाबला, की चित्र पालटतं. टर्बोचा दाब पूर्ण, मे महिन्यातली चाळिशीपुढची हवा, टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलरही तापलेला. आत येणारी हवा जितकी गरम तितकं मिश्रण आपोआप पेटायला सोपं. इथे ९१ आणि ९५ यांतला फरक चालवणाऱ्याच्या पाठीला जाणवू शकतो. ९५ च्या वर गेल्यावर काय मिळेल, हे ईसीयूच्या नकाशात ठिणगी किती पुढे जाऊ देण्याची तरतूद आहे त्यावर ठरतं. कंपनीने ९५ धरून नकाशा आखला असेल तर त्यापुढच्या आकड्यांचा थोडाफार उपयोग फक्त अशा तापलेल्या दुपारी. सॉफ्टवेअर बदलून बूस्ट वाढवलेल्या गाडीची गोष्ट निराळी. तिला जास्त ऑक्टेन ही चैन नाही, पिस्टन वाचवण्याची गरज आहे.

आणि जास्त ऑक्टेनचं पेट्रोल आता साध्या नोझलपर्यंत आलं आहे. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, ई२०, फेब्रुवारी २०२३ पासून विकायला लागलं. शुद्ध इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या आसपास, शिवाय बाष्प होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषून घेतं आणि मिश्रण थंड करतं. पेट्रोलियम मंत्रालयाच्या ऑगस्ट २०२५ च्या निवेदनानुसार साध्या पेट्रोलचा ऑक्टेन आधी ८८ होता, मग ९१ झाला आणि ई२० मुळे ९५ वर गेला. मराठवाड्याच्या उसातून निघालेलं इथेनॉल टर्बो गाडीच्या ठिणगीला पुढे सरकायला जागा करून देतं, हा शहराच्या दृष्टीने मोठा बदल आहे.

त्याची दुसरी बाजू मायलेजची. लिटरमागे इथेनॉलची उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात, मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवून ई१० ला जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज ई२० वर ६ ते ७ टक्के घटेल असा अंदाज दिला आहे. २००४ च्या आरएससारख्या जुन्या गाडीत इंधनाच्या नळ्या आणि रबरी सीलही मेकॅनिककडून तपासून घ्यावेत. राहिला प्रश्न टाकीत कोणतं पेट्रोल पडतंय हे ग्राहकाला कळण्याचा. युरोपातल्या पंपांवर प्रत्येक पेट्रोलचा ऑक्टेन आकडा लिहिलेला असतो. इथे महाग पेट्रोलवर तो ठळक दिसतो, साध्यावर क्वचितच. जो ग्राहक लिटरला शंभराहून जास्त रुपये मोजतो, त्याला तो आकडा नोझलवर दिसलाच पाहिजे.

पुढच्या भागात टर्बो आणि इंटरकूलर: दाबलेली हवा तापते किती, आणि ती थंड केल्यावर ठिणगीचे किती अंश परत मिळतात.