नायकाला बाजूला सारणारा हास्यकार

जपानमध्ये चित्रकथेला ‘मांगा’ म्हणतात, आणि मांगाच्या ज्या प्रकारात कथानकापेक्षा एकामागून एक येणाऱ्या विनोदी प्रसंगांना अधिक महत्त्व असते, तो ‘गॅग मांगा’ या नावाने ओळखला जातो. या प्रकाराचे सम्राट मानले गेलेले फुजिओ आकात्सुका (१९३५–२००८) यांच्या विनोदाचा पिंड तपासला, तर एक गोष्ट वारंवार आढळते: कथेत ज्याला मानाचे स्थान मिळायला हवे, त्याला ते खुशाल बाजूला सारतात आणि कडेला उभ्या असलेल्या विक्षिप्त पात्राच्या हाती कथेची सूत्रे देतात.

आकात्सुका यांचा जन्म त्या काळी जपानच्या ताब्यात असलेल्या मांचुरियात झाला. दुसऱ्या महायुद्धात जपानचा पराभव झाल्यावर पोलीस खात्यात असलेले वडील सोव्हिएत सैन्याच्या कैदेत सायबेरियाला गेले, आणि आई मुलांना घेऊन १९४६ मध्ये जपानला परतली. शाळकरी वयात चित्रकथाकार ओसामू तेझुका यांची विज्ञानकथा वाचून त्यांनी चित्रकथाकार व्हायचे ठरवले. मात्र घरची परिस्थिती बेताची असल्याने शालेय शिक्षणानंतर त्यांना आधी रंगाऱ्याच्या दुकानात आणि पुढे टोकियोतील रसायनांच्या कारखान्यात नोकरी करावी लागली.

१९५६ मध्ये ते टोकियोच्या ‘तोकिवा-सो’ या दुमजली लाकडी इमारतीत राहायला गेले. तेझुका यांनी एकेकाळी जिथे बिऱ्हाड केले होते, त्या या इमारतीत तरुण चित्रकथाकारांचा मेळाच जमला होता. मराठी घरांतील मुलांना दूरचित्रवाणीमुळे परिचित झालेल्या ‘डोरेमॉन’चे जनकही तेव्हा तिथलेच रहिवासी होते. सोबत्यांची नावे होत असताना आकात्सुका मात्र मुलींसाठीच्या करुण कथा रेखाटत आणि मित्र शोतारो इशिनोमोरी यांना मदत करत दिवस काढत होते. १९५८ मध्ये एका मासिकात ऐनवेळी रिकामी राहिलेली पाने भरून काढण्यासाठी त्यांनी ‘नामा-चान’ ही विनोदी कथा दिली, तिची मालिका झाली आणि त्यांना आपली वाट सापडली.

खरे यश १९६२ मध्ये आले. त्या वर्षी ‘रिबोन’ या मुलींच्या मासिकात जादूच्या आरशाच्या साहाय्याने हवे ते रूप घेणाऱ्या मुलीची ‘हिमित्सु नो आक्को-चान’ ही मालिका सुरू झाली, आणि ‘शोनेन संडे’ या साप्ताहिकात ‘ओसोमात्सु-कुन’ अवतरली. या दुसऱ्या मालिकेचे नायक म्हणजे हुबेहूब एकसारखे दिसणारे सहा जुळे भाऊ. कोणता भाऊ कोण हे आईबापांनाही ओळखता येऊ नये, ही मूळ गंमत होती. परंतु मालिका जसजशी पुढे सरकली, तसतसे फ्रान्सहून आल्याच्या बढाया मारणारा, पुढे आलेल्या दातांचा इयामी आणि काडीला टोचलेले ‘ओदेन’ (रश्श्यात शिजवलेले खाद्यपदार्थ) हाती घेऊन फिरणारा चिबिता यांनीच ती व्यापून टाकली. आश्चर्याचा धक्का बसला की इयामी एक हात डोक्यावर नेऊन मनगटात वाकवतो, दुसरा कोपरातून छातीपुढे दुमडतो, एक पाय उचलतो आणि ‘शेऽऽ!’ असे ओरडतो. ही मुद्रा देशभर इतकी पसरली की १९६५ च्या एका चित्रपटात खुद्द गॉडझिला या महाकाय राक्षसानेही ती करून दाखवली.

१९६७ मध्ये आरंभ झालेल्या ‘तेन्साई बाकाबोन’मध्ये हीच उलथापालथ टोकाला गेली. शीर्षकात नाव भोळ्या मुलाचे असले, तरी सत्ता चालते ती त्याच्या बापाची. हा बाप कोणत्याही अनर्थाचा शेवट ‘हे असेच ठीक आहे’ अशा थाटात करतो. माणसांच्या पाठोपाठ आकात्सुकांनी चित्रकथेच्या नियमांनाही धाब्यावर बसवले. एका भागात पात्रांचे चेहरे प्रत्यक्ष आकाराचे काढल्याने एकेक चेहराच पान अडवून बसतो, दुसरा भाग डाव्या हाताने काढलेल्या वेड्यावाकड्या रेषांत छापला जातो, तर १९७४ मध्ये लेखकाने स्वतःचे प्रसिद्ध नावच टाकून काही काळ ‘इचिरो यामादा’ हे अगदी सर्वसाधारण नाव घेतले. वाचकाने ज्या गोष्टी गृहीत धरलेल्या असतात, म्हणजे चौकटीचा आकार, रेषेतील सफाई, लेखकाची प्रतिष्ठा, त्याच येथे थट्टेचा विषय ठरतात.

हे सर्व एकट्याच्या डोक्यातून निघत नव्हते. १९६५ मध्ये स्थापन केलेल्या ‘फुजिओ प्रॉडक्शन’मध्ये आकात्सुका, त्यांचे सहायक आणि नियतकालिकाचे संपादक एकत्र बसून कल्पना लढवत, आणि त्यांतून निवडलेल्या कल्पनांना आकात्सुका चौकटींत बसवत. मित्सुतोशी फुरुया, केनिचिरो ताकाई आणि केन्इची कितामी यांच्यासारखे सहायक पुढे स्वतंत्र चित्रकथाकार म्हणून नावारूपाला आले. सत्तरच्या दशकात फुकुओकाहून आलेल्या तामोरी या अनोळखी विनोदवीराला त्यांनी स्वतःचे घर राहायला दिले. तोच तामोरी १९८२ पासून २०१४ पर्यंत दूरचित्रवाणीवरील दुपारच्या दैनंदिन कार्यक्रमाचा सूत्रधार होता, आणि २००८ मध्ये आकात्सुकांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी त्याने स्वतःची गणना त्यांच्या कलाकृतींत केली.

उत्तरायुष्यात मद्यपान आणि आजारपण यांमुळे त्यांची निर्मिती मंदावली, तरी त्यांनी घालून दिलेली रीत टिकली. त्यांच्या जन्माला ८० वर्षे झाल्याच्या निमित्ताने २०१५ मध्ये आलेल्या ‘ओसोमात्सु-सान’ या सचेतपट मालिकेत तेच सहा भाऊ मोठे झालेले, बेकार आणि आईबापांच्या जिवावर जगणारे दाखवले आहेत, आणि या मालिकेला तरुण स्त्रियांचा मोठा प्रेक्षकवर्ग लाभला. विशेष म्हणजे, मूळ मालिकेत एकाच साच्याचे असलेले आणि इयामीने मागे ढकललेले हे भाऊ येथे सहा वेगवेगळ्या स्वभावांचे होऊन पुन्हा अग्रभागी आले. कोणाचेही स्थान कायमचे न मानणारा हा विनोद असल्यामुळेच पुढच्या पिढीला त्यात आपल्या सोयीने फेरफार करता आले, आणि तरीही तो आकात्सुकांचाच राहिला.