जागोजागी तुटलेला खंदक

खंदक म्हटला की तो सलग, खोल आणि ओलांडायला अवघड, असं आपल्याला वाटतं. इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातल्या हॅम्बलडन टेकडीवरचा खंदक मात्र जागोजागी तुटलेला आहे. थोडं खणलं, मग जमीन तशीच सोडली, पुन्हा थोडं खणलं. शत्रूला अडवायचं असेल, तर आत शिरायला इतक्या वाटा कशासाठी?

या खंदकाने वेढलेलं आवार सुमारे ५,७०० वर्षांपूर्वीचं, नवाश्मयुगातलं. धातू अजून यायचा होता. टेकडीचा पांढरा खडू हरणाच्या शिंगांच्या कुदळींनी फोडला गेला. ब्रिटनमध्ये अशी आवारं सत्तरच्या आसपास आहेत.

रॉजर मर्सर यांनी १९७४ ते १९८६ दरम्यान इथे उत्खनन केलं. खंदकाच्या तळाशी माणसांच्या कवट्या मांडलेल्या होत्या, त्याही खालच्या जबड्याविना. मांस झडलं की जबडा सुटतो; म्हणजे मृतदेह आधी दुसरीकडे कुजले आणि कवट्या नंतर इथे आणल्या गेल्या. मग हे स्मशान होतं का? पण गुरांची हाडंही मुबलक मिळाली, खापरांत दुधाच्या स्निग्धांशाचे अवशेष मिळाले. म्हणजे जेवणावळीही झाल्या असाव्यात. आणि याच टेकडीच्या एका सोंडेवर एका तरुणाच्या बरगड्यांत गारगोटीचं बाणाग्र सापडलं. तिकडे ग्लॉस्टरशरच्या क्रिकली टेकडीवरच्या अशाच आवारात तर चारशेहून अधिक बाणाग्रं मिळाली.

अशी आवारं नेमकी कधीची आणि किती काळ वापरात होती, हा कालक्रमाचा गुंता २०११ मध्ये बराच सुटला. ॲलस्डेअर व्हिटल, फ्रान्सेस हीली आणि ॲलेक्स बेलिस यांनी शेकडो रेडिओकार्बन तारखांना थरांच्या क्रमाची जोड दिली. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, एवढी साधी अट संख्याशास्त्रात घातली, की शतकांची अनिश्चितता दशकांवर येते. त्यातून दिसलं, की काही आवारं एक-दोन पिढ्यांतच ओस पडली. हॅम्बलडन मात्र तीनेक शतकं वापरात राहिलं.

तीनशे वर्षांत एखाद्या जागेचं काम एकच कसं राहील? मेळा, मृतांचा ठिकाणा, प्रसंगी लढाईचा आसरा, ही तिन्ही उत्तरं आपापल्या काळी खरी असू शकतात. खंदकाचा एकेक तुकडा एकेका कुळाच्या वाट्याचा असावा, असंही काही अभ्यासक मानतात. तसं असेल, तर मधली मोकळी जमीन ही दोन वाट्यांमधली हद्द ठरते.

पुढे खंदक बुजत गेला, तेव्हा तो पहिल्यासारखा खोल करण्याच्या फंदात कुणी पडलं नाही. भरलेल्या मातीत अरुंद चर मारले गेले आणि ते गारगोट्या, हाडं, खापरं टाकून पुन्हा भरून टाकले गेले. तटबंदीची डागडुजी कुणी अशी करत नाही.