आढ्याचं पाणी शेजाऱ्याच्या वळचणीला

आमच्या गल्लीतल्या जुन्या बंगल्याला पूर्वी तीन पायऱ्या चढून जावं लागे. आता एकही उरली नाही. बंगला खचलेला नाही, रस्ता वर आलाय. जुनं डांबर न खरवडता थरावर थर पडत गेले. त्यात शेजारच्या प्लॉटवर दोन फूट मुरमाचा भराव टाकून नवी इमारत उभी राहिली. गेल्या जूनमध्ये पहिल्याच मोठ्या सरीला बंगल्यातल्या आजींच्या देवघरात पाणी.

चूक कुणाची? कागदावर कुणाचीच नाही. जोतं आजूबाजूच्या जमिनीपासून मोजतात, पण आजूबाजूची जमीन उद्या कुठे असेल ते कोण सांगणार? नदीकाठी हिशेब जास्त स्पष्ट आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतल्या पुराची लाल. या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या 45 सेंटीमीटर वर हवं. गल्लीबोळाला अशी रेषा नाही.

शेजाऱ्यांच्या भांडणात 1882 चा सुविधाधिकार कायदा कामाला येतो. वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी आपसूक खाली वाहत येत असेल, तर खालच्याने ते येऊ द्यायचं. बांध घालून अडवायचं नाही. पण ‘आपसूक’ या शब्दातच सगळी मेख आहे. गच्चीचं पाणी पाइपात गोळा करून भिंतीपलीकडे सोडणं त्यात बसत नाही. बिल्डर मात्र हाच कायदा तोंडावर फेकतात.

पाणी किती, तेही बघा. 500 चौरस मीटरच्या प्लॉटवर 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे 50 हजार लिटर, दहा हजारी टँकर पाच! राज्याच्या नियमावलीत याच आकाराच्या प्लॉटपासून पुढे नव्या बांधकामाला पर्जन्यजल पुनर्भरण सक्तीचं आहे. खड्डा नकाशात असतो. पूर्णत्वाचा दाखला मिळाला की पुष्कळदा त्याच्यावर पेव्हर ब्लॉक बसतात आणि वर गाडी उभी राहते.

परवा आजींकडे गवंडी आला होता. पारदर्शक नळीत पाणी भरून त्याने एक टोक उंबऱ्याशी धरलं, दुसरं रस्त्यावरच्या चेंबरपाशी. चेंबरचं तोंड उंबऱ्यापेक्षा चार बोटं वर निघालं. “आता उतार घरातच येतोय, आजी,” तो म्हणाला आणि उंबऱ्यावर दोन विटांचा बांध रचून गेला.

कोपऱ्यावर पुन्हा खडी येऊन पडलीय. खरवडायचं मशीन काही दिसत नाही.