कॅनडातलं स्थळ आणि अर्जाच्या दोन वाटा



मुलीला कॅनडातलं स्थळ आलं की घरात पगाराची, घराची, गाडीची चौकशी होते. पत्रिका जुळते, मुहूर्त निघतो. पण मुलगी तिकडे नेमकी कोणत्या कागदावर जाणार, हे विचारायचं राहून जातं. ‘लग्न झालं की नेतो’ एवढ्या शब्दावर अक्षता पडतात. आमच्या बचत गटांच्या बैठकांत हा विषय हल्ली निघू लागला आहे, म्हणून आज त्याबद्दल बोलू.

आधी एक प्रश्न विचारायचा. मुलगा तिकडे कोण म्हणून राहतो? विद्यार्थी, मुदतीच्या परवान्यावरचा नोकरदार, कायमचा रहिवासी म्हणजे ज्याला पीआर म्हणतात तो, की कॅनडाचा नागरिक? मुलगा विद्यार्थी असेल किंवा मुदतीच्या परवान्यावर असेल, तर तो बायकोला पीआरसाठी स्पॉन्सर करू शकत नाही. तिला तात्पुरतंच जाता येतं, आणि जानेवारी २०२५पासून तिला कामाचा परवाना मिळणंही अवघड झालं आहे. विद्यार्थ्याच्या बायकोला तो हवा असेल, तर नवरा पीएचडी, निदान १६ महिन्यांचं मास्टर्स किंवा सरकारने ठरवलेला एखादा व्यावसायिक अभ्यासक्रम करत असावा लागतो.

मुलाचा स्वतःचा पीआरचा अर्ज चालू असताना लग्न झालं, तर ते त्याने ताबडतोब कळवायला हवं. लग्न लपवून पीआर घेतला, तर पुढे त्याच बायकोला स्पॉन्सर करताना तो नियमात अडकू शकतो. आणखी एक नियम असा, की जो स्वतः आधीच्या बायकोच्या स्पॉन्सरशिपवर पीआर झाला, त्याला ५ वर्षं नव्या बायकोला स्पॉन्सर करता येत नाही. त्यामुळे मुलाला पीआर कधी आणि कसा मिळाला, हे विचारण्यात काही गैर नाही.

मुलगा पीआर किंवा नागरिक असेल, तर पुढे दोन वाटा आहेत.

पहिली वाट म्हणजे देशाबाहेरून केलेला अर्ज. मुलगी इथे राहते आणि अर्ज तिकडे चालतो. मधल्या काळात व्हिजिटर व्हिसा मिळाला तर ती नवऱ्याकडे जाऊन येऊ शकते. या वाटेचा मोठा फायदा म्हणजे अपिलाचा हक्क. अर्ज फेटाळला, तर नवरा ३० दिवसांच्या आत इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे दाद मागू शकतो, आणि तिथे नवे पुरावेही देता येतात.

दुसरी वाट म्हणजे देशाच्या आतून केलेला अर्ज. त्यासाठी नवरा-बायको कॅनडात एका घरात राहत असावे लागतात. वाट बघण्याचा काळ दोघं सोबत काढतात, हे यातलं सुख. पण या वाटेला अपील नाही. फेटाळला तर फेडरल कोर्टाचा दरवाजा उरतो, आणि तिथेही सुनावणीसाठी आधी परवानगी लागते. शिवाय अर्ज चालू असताना ती भारतात आली आणि परत जाताना प्रवेश नाकारला गेला, तर अर्जच धोक्यात येतो.

पूर्वी आतून अर्ज करण्याचं मोठं कारण होतं कामाचा परवाना. मे २०२३मध्ये सरकारने हा नियम सैल केला. बायको वैध व्हिसावर कॅनडात नवऱ्याजवळ राहत असेल, तर अर्ज पोचल्याचं पत्र आल्यावर तिला खुला वर्क परमिट मागता येतो, मग अर्ज कुठल्याही वाटेचा असो. आणि बाहेरच्या वाटेचा अर्ज कॅनडात राहूनही भरता येतो, हे पुष्कळांना माहीत नसतं.

मग निवड कशी करायची? मुलगी इथेच असेल, तर बाहेरची वाट सरळ आहे. ती आधीच तिकडे असेल, तर स्वतःला विचारावं, की येत्या वर्ष-दीड वर्षात मला भारतात यावं लागेल का? पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असेल, वडिलांचं आजारपण असेल, भावाचं लग्न असेल, तर तिकडे राहूनही बाहेरच्या वाटेनेच अर्ज करावा. कुठे जायचं नसेल आणि कागद भक्कम असतील, तर आतली वाटही चालते. कुठला अर्ज लवकर निघतो हे सारखं बदलतं, म्हणून तेवढ्या एका गोष्टीवर निर्णय घेऊ नये.

व्हिजिटर व्हिसा मागताना ‘मी फक्त फिरायला जाते’ असं खोटं सांगू नये. पीआरचा अर्ज चालू असतानाही तात्पुरत्या व्हिसावर जायला कायद्याची मनाई नाही. मुदत संपल्यावर आपण परत येऊ, एवढं मात्र अधिकाऱ्याला पटावं लागतं. खोटेपणा सापडला तर ५ वर्षांची बंदी येऊ शकते.

दोन्ही वाटांना कागद जवळपास सारखेच लागतात. लग्नाला दोघं प्रत्यक्ष हजर हवेत. व्हिडिओ कॉलवरचं लग्न जून २०१५पासून चालत नाही. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत विवाह नोंदणी लगेच करून घ्यावी. मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर अनुवादकाच्या प्रतिज्ञापत्रासह लागतं. अर्जातलं नाव पासपोर्टप्रमाणेच लिहावं. लग्न झालं म्हणून पासपोर्टवर नवऱ्याचं नाव लावलंच पाहिजे, अशी सक्ती नाही.

लग्न खरं आहे का, हे अधिकारी तपासतात. ठरवून केलेलं लग्न त्यांना मान्य आहे. पण बघण्याच्या कार्यक्रमानंतर महिन्याभरात लग्न कसं झालं, हे त्यांना समजावून सांगावं लागतं. स्थळ कुणी आणलं, बोलणी कुठे झाली, मुहूर्त का लवकरचा धरला, हे साध्या शब्दांत लिहावं. लग्नपत्रिका, कार्यालयाची पावती, हळदीचे आणि पंगतीचे फोटो, दोघांच्या बोलण्याच्या नोंदी, सगळं जपून ठेवावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पीआर एकदा मिळाला, की तो मुलीच्या स्वतःच्या नावावर असतो. २०१२ ते २०१७ या काळात काही जोडप्यांना २ वर्षं एकत्र राहण्याची अट होती. ती एप्रिल २०१७मध्ये रद्द झाली. ‘मी सांगितलं तर तुला परत पाठवतील’ अशी धमकी पीआर असलेल्या बाईला देता येत नाही. नवऱ्याने तिच्या खर्चाची ३ वर्षांची हमी सरकारला दिलेली असते, आणि दोघं वेगळे झाले तरी ती सुटत नाही. पीआर मिळायच्या आधीच घरात मारहाण किंवा छळ झाला, तर अशा बायकांसाठी जुलै २०१९पासून बिनशुल्क तात्पुरता परवाना मागण्याची सोय आहे. मुलीला हे माहेरीच माहीत असलं पाहिजे.

एजंट नेमायची सक्ती नाही. अर्ज सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः भरता येतो. पैसे देऊन सल्ला घ्यायचाच असेल, तर तो माणूस कॅनडातला वकील आहे का, किंवा कॅनडाच्या इमिग्रेशन सल्लागारांच्या कॉलेजकडे त्याची नोंद आहे का, हे त्यांच्या यादीत बघावं. कोऱ्या फॉर्मवर सही करू नये. एजंटने खोटा कागद जोडला, तरी जबाबदारी अर्जदाराची राहते.

तर मैत्रिणींनो, साखरपुड्याच्या आधी मुलाकडच्यांना तीन गोष्टी विचारायच्या. तुमचा तिकडचा दर्जा काय, अर्ज कोणत्या वाटेने करणार, आणि अर्ज फेटाळला तर पुढे काय? उत्तर कागदासह मागायचं. आणि अर्जाची पूर्ण प्रत, पावत्या, ऑनलाइन खात्याचा पासवर्ड मुलीजवळ असू द्यायचा. बचत गटाचं पासबुक आपण दुसऱ्याच्या हाती सोडत नाही, तसंच हे.